उतार

नारायणगावच्या पूर्वेला, द्राक्षबागांमधून जाणाऱ्या एका आडरस्त्यावर दोन कमानींचा एक दगडी पूल आहे. त्याला नाव नाही. कठड्याच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांखाली ‘७/२’ असा आकडा रंगवलेला आहे. सातव्या किलोमीटरातलं दुसरं बांधकाम, एवढाच त्याचा अर्थ. या पुलावरून मी शंभरदा तरी गेलो असेन, पण तो पाहिला मात्र नव्हता. पुलाचं हे एक विचित्रच आहे. देऊळ, वाडा, किल्ला, सगळं समोर उभं राहून दिसतं. पूल दिसत नाही, कारण आपण त्याच्यावर असतो. तो पाहायचा तर रस्ता सोडून खाली उतरावं लागतं आणि रस्त्यानं निघालेला माणूस सहसा रस्ता सोडत नाही. त्या दिवशी पुढे उसाची ट्रॉली अडकली होती म्हणून मी सोडला.

खाली ओढ्यात आलो आणि वरचा तो डांबराचा, खड्ड्यांचा, कुठल्याही रस्त्यासारखा रस्ता एकदम वेगळ्याच कुळातला निघाला. काळ्या पाषाणाचे घडीव ठोकळे. प्रत्येकाच्या कडेनं बोटभर रुंदीची छिन्नीची गुळगुळीत पट्टी आणि आत मुद्दाम खडबडीत ठेवलेलं पोट. मधल्या खांबाला वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, होडीच्या नाळेसारखं टोक काढलेलं. पुराचं पाणी आणि त्याबरोबर येणारी झाडंझुडपं खांबावर थडकू नयेत, दोन्हीकडे फाटून निघून जावीत म्हणून. कमानीच्या पोटात भिंगऱ्यांची चिखलाची घरटी, जणू वाळलेल्या वाट्या उलट्या चिकटवल्यात. दोन दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप. कोवळं, लाल पानांचं, दिसायला गोजिरं. दगडी बांधकामाला त्याच्याइतका चिवट वैरी दुसरा नाही.

पलीकडच्या खडकावर एक मावशी गोधड्या धूत होत्या. मी कमान पावलांनी मोजतोय हे त्यांनी पाहिलं.

“रस्ता रुंद करायचाय काय सायेब? आमची किती जाईल?”

“नाही मावशी, मी सरकारी नाही. नुसतं बघतोय.”

“नुसतं?” त्यांनी गोधडी पिळली. “पुलात काय बघायचं? पानी बघा. आवंदा नाय.”

त्यांच्या शंकेला आधार होता. या भागात कुणी टेप घेऊन उभं राहिलं की जमीन जाते, हा अनुभव आहे.

मला मात्र तिथं एक वेगळाच प्रश्न पडला. नाणेघाट इथून फार लांब नाही. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांतून वर येणारा माल त्या घाटानं जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. इतका जुना रस्ता, इतका जुना व्यापार, डोंगर पोखरून दोनशेहून अधिक लेणी खोदणारे हात, आणि तरीही या मुलखातल्या नद्यांवर जुने पूल जवळजवळ नाहीतच. कुकडी, मीना, घोड, भीमा. त्यांच्या खोऱ्यांनाच आपण कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर म्हणत आलो, गावांची ओळख नदीवरून सांगत आलो. पण त्या ओलांडायच्या कशा? पाण्यात पाय घालून.

भाषाच याची साक्ष देते. ‘पूल’ हा शब्द फारसीतून आला. ‘सेतू’ संस्कृत, तोही मुळात बांध या अर्थाचा, आणि आपल्या मनात तो रामायणातच राहिला. रोजच्या व्यवहारात सेतू आला तो थेट दाखले देणाऱ्या सेतू कार्यालयाच्या पाटीवर. आपल्या तोंडचे शब्द म्हणजे साकव, तोही लाकडा-बांबूचा आणि जास्त करून कोकणातला, फरशी, जिच्यावरून पूर खुशाल वाहून जातो, मोरी, आणि सगळ्यात खरा, उतार. नदीला उतार कुठे आहे हे ठाऊक असणं म्हणजे मुलूख ठाऊक असणं. उतारानं जाणारा तो उतारू. एसटीच्या उतारूला आज हे माहीत नसतं की त्याच्या नावात गुडघाभर पाणी आहे. हिंदीत उतराई म्हणजे नावेचं भाडं. आपल्याकडे उतराई होणं म्हणजे उपकार फेडणं. पलीकडे पोचवणाऱ्याचं देणं इतकं मोठं मानलेलं असावं.

दख्खनच्या नद्या आठ महिने दगडगोट्यांतून लाजत वाहतात आणि चार महिने कुणाचं ऐकत नाहीत. आठ महिने पुलाची गरज नाही आणि चार महिने पूल टिकेल याची खात्री नाही, असा हा पेच. मग माणसांनी नदीवर पूल घालण्याऐवजी वर्षाचेच दोन तुकडे केले. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणी करत. छावणी म्हणजे मुळात छप्पर शाकारून बसणं. दसऱ्याला सीमोल्लंघन, कारण तोवर नद्यांना उतार मिळालेला असे. सोनं लुटायच्या त्या सणात सोन्याइतकंच नदीचं पाणी आहे, हे आपण विसरलो. चातुर्मासात साधूंनी प्रवास करू नये, एका जागी राहावं, हा नियमही पावसाळ्याच्या याच मुलखात शहाणपणाचा ठरतो. तो नियम लागू होण्याच्या तोंडावर, भर पावसात चालते ती वारी. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घालून सोहळा पलीकडे जातो, तेव्हा नदी ओलांडणं हाच एक विधी होतो.

नारायणगावात हे जुनं वेळापत्रक अजून जिवंत आहे आणि तेही देवळात नाही, तमाशात. पाडव्याच्या सुमाराला इथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, घासाघीस होते, चहा होतो, तारखा ठरतात. ज्या गावानं तमाशातल्या विठाबाईंना आपलं नाव दिलं, त्या गावाला हा मान शोभतो. पण फडाचा हंगाम पाहा. दसऱ्याला बाहेर पडायचं, बुद्धपौर्णिमेच्या आसपास परतायचं, पावसाळाभर बसायचं. ट्रक आले, डांबरी रस्ते आले, प्रत्येक नदीवर पूल आले, तरी फड सीमोल्लंघनाच्याच मुहूर्तावर निघतो. कनाती पावसात उभ्या राहत नाहीत हे कारण खरंच. मला मात्र त्यात बैलगाडीच्या काळातली अडलेली नदीही दिसते.

म्हणून दगडी पुलाचं मोठेपण मी आधी त्याच्या कमानीत शोधत नाही. त्यानं वर्ष सलग केलं. श्रावणात डाक जाऊ लागली, भाद्रपदात बाळंतीण दवाखान्यात नेता येऊ लागली. इंग्रजांनी रस्ते केले ते फौजा आणि कापूस हलवायला, त्यात आपल्यावर उपकार करण्याचा हेतू नव्हता. पण पुलावरून कोण जाणार हे पूल बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता कमानीकडे येतो. पोकळीवर छत घालायच्या माणसाला सुचलेल्या तीन रीती जुन्नरच्या पंचक्रोशीत दिवसाभरात पाहून होतात. पहिली, कोरायची. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात किंवा तुळजा लेण्यातल्या बारा खांबांच्या गोल घुमटाखाली उभं राहा. वर कमान आहे, पण ती काम करत नाही. ती लाकडी छताची दगडातली आठवण आहे. भार डोंगरच पेलतो, कारण डोंगर तुटलेलाच नाही. दुसरी रीत, दगड पुढे पुढे सरकवत न्यायचा. कुकडीच्या उगमाजवळ, पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळात थरावर थर थोडे आत ओढत माथा मिटवला आहे, चुन्याशिवाय, निव्वळ वजनाच्या हिशेबावर. गंमत अशी की त्या कारागिरांना दगडात फुलं, यक्ष, नक्षी सगळं येत होतं, तरी दगड तिरका लावून दगडालाच दगडाचा टेकू द्यायचा, हे त्यांनी केलं नाही. न येण्यापेक्षा न पटण्याचा हा भाग असावा. खरी कमान सतत ढकलत असते, ती कधी झोपत नाही, असं जुने स्थपती मानत, अशी एक समजूत आहे. मला ती आवडते.

तिसरी रीत, खरी कमान, सुलतानांबरोबर आली. निजामशाहीची उभारणी जुन्नरलाच झाली. हापूसबागेतला सौदागर घुमट पाहा. आणि शिवनेरीवरची कमानी मशीद. तिच्या दोन मिनारांमधून अधांतरी एक कमान गेली आहे. मधे कशावर टेकलेली नाही, कुणाचं छत नाही, नुसती हवेवर टाकलेली. ती पाहताना मला दर वेळी वाटतं की गडावर कुणीतरी एक पूल बांधून ठेवलाय आणि त्याच्याखाली नदी आणायची विसरलाय.

म्हणजे कौशल्य इथं होतं, दगड होता, चुना होता. जौनपूरला गोमतीवर अकबराच्या काळात दगडी पूल झाला. गोवळकोंड्याच्या कुतुबशहानं १५७८ मध्ये मुसीवर पूल बांधला, तोच हैदराबादचा पुराना पूल. आपल्याकडे कोयनेवर, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाजवळचा दगडी पूल शिवकाळातला मानतात आणि आजही तो उभा आहे. पुण्याचा लकडी पूल १७६१ चा, पण नावाप्रमाणे लाकडी. बाकी खेड्यापाड्यांत दगडी कमानी पोचल्या त्या एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात. त्यानंतर सिमेंट आलं आणि कमानीचा काळ संपला. दख्खनच्या रस्त्यावर दगडी कमानीचं आयुष्य असं शंभर-सव्वाशे वर्षांचं. लेण्यांच्या मानानं अगदीच पोर.

मावशींनी दोन बाभळींना दोरी बांधून तिच्यावर गोधडी टाकली. दोरी मधे झोकली. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७५ मध्ये जे कोड्यात घालून छापलं, ते हेच होतं. लोंबकळणारी साखळी ज्या आकारात स्थिर होते, तोच आकार उलटा केला की कमान उभी राहते. दोरीत नुसता ताण असतो, कमानीत नुसता दाब. आणि दगडाचा स्वभाव असा की त्याला दाबा, तो हजार वर्षं सोसेल; ओढा, लगेच तुटेल. कमान म्हणजे दगडाला कधीही न ओढण्याची युक्ती. वरून ओझं आलं की ठोकळे एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. म्हणून बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलावरून उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातात आणि त्याला काही होत नाही.

पण कमान बांधताना ती कमान नसते. शेवटचा, माथ्यावरचा दगड बसेपर्यंत तो दगडांचा नुसता ढीग असतो. तोवर त्याला तोलायला खाली लाकडाचा साचा लागतो. आज आपण त्याला सेंट्रिंग म्हणतो. जुना शब्द कालबूत. चांभार ज्यावर जोडा चढवतो त्या लाकडी पायालाही कालबूतच म्हणतात. जोडा तयार झाला की कालबूत काढून घ्यायचं आणि मग खऱ्या पायानं चालायचं. पुलाचंही तसंच. कालबूत खालून हलक्या हातानं सैल करत काढायचं. ते काढतानाची ती घटका कशी गेली असेल, हे त्या पोटाखाली उभं राहून वर पाहिलं की कळतं.

दगडांमधला चुना मी नखानं खरवडला. पांढरट, मधे मधे विटकरीचे लाल कण. भट्टीत भाजलेली चुनखडी, वाळू, विटेची भुकटी, सगळं बैलाच्या घाण्यात दळलेलं. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर आणि हिरड्याचा काढा घालत. हिरडा म्हणजे याच तालुक्यांचं पीक. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या रानातून महादेव कोळी बाया आजही बाळहिरडा गोळा करून विकतात. या पुलात हिरडा गेलाय की नाही हे चव घेऊन कळणार नाही, पण डोंगरातलं कुठलंतरी तुरट पाणी या सांध्यांत मुरलेलं असावं, ही कल्पना सोडवत नाही. चुना भाजताना चुनखडीतला जो वायू उडून जातो, तोच तो पुढे वर्षानुवर्षं हवेतून परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. अशा चुन्याला बारीक चीर पडली तर पाझरणाऱ्या पाण्याबरोबर तोच थोडा विरघळतो आणि चीर भरून काढतो. चुन्याचा पूल किंचित हलतो, श्वास घेतो. मधे कधीतरी कुणीतरी भल्या हेतूनं इथले सांधे सिमेंटनं लिंपलेत. सिमेंट हलत नाही आणि पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्या लिंपणाच्या कडेनंच आता दगडाचे पापुद्रे सुटायला लागलेत.

बांधणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे वाणी आपल्याला ठाऊक आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे वडार नाहीत. खाणीतून दगड फोडणारे, तो बुटक्या गाड्यांवरून ओढणारे, सुतकी-छिन्नीनं कडा मारणारे. साहेबाचं नाव असलंच तर एखाद्या दगडावर असायचं, तेही चुन्याच्या हातांखाली बुजलेलं. दगडावर छिन्नीचे घाव तेवढे वाचता येतात. उजव्या कमानीतले घाव एका तिरकशीत पडलेत, डावीतले उलट्या. कुणीतरी डावखुरा होता, असं मी ठरवून टाकलं. पुरावा एवढाच.

दगडी पूल वरून मोडत नाही, पायाकडून जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ मध्ये बांधलेला पूल पुरात गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या त्या भगदाडात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर राज्यभर ‘ब्रिटिशकालीन पूल’ हा शब्द शिवीसारखा झाला. वर्तमानपत्रांत तो ‘धोकादायक’ या शब्दाशिवाय येईनासा झाला. भीती खोटी नव्हती. पण वय हा गुन्हा नाही. नदी खांबाच्या मुळाशी माती उकरत जाते आणि ते पाण्याखाली चालतं म्हणून वरून दिसत नाही. त्यात भर वाळूउपशाची. या नद्यांच्या पात्रातली वाळू गेली, तळ खाली गेला की जो पाया जमिनीत गाडलेला होता तो उघड्यावर येतो. सव्वाशे पावसाळे टिकलेल्या पुलाला मग एखादा पावसाळा पुरतो.

उलटही घडलंय. मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, घोडेवर डिंभे. धरणं झाली आणि खालच्या नद्या गरीब झाल्या. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो ते गावच डिंभ्याच्या पाण्यात गेलं. खालच्या पुलांच्या कमानी मात्र जुन्या पुराच्या मापाच्या राहिल्या. आज कुणी म्हणेल, एवढ्याशा पाण्याला एवढा पूल कशाला? नदी कधीकाळी केवढी यायची, हे आता त्या कमानीलाच आठवतं.

वारसा म्हणून यांची नोंद कुठे होते? लेणी, शिवनेरी, नाणेघाट पुरातत्त्वाकडे. पूल बांधकाम खात्याकडे. शंभर वर्षांची अट १९५८ च्या स्मारक कायद्यात आहे, ती यातले कितीतरी पूल पुरी करतात. पण स्मारक होण्यासाठी आधी कामातून सुटावं लागतं असा आपल्याकडचा अलिखित नियम दिसतो. कोल्हापुरात पंचगंगेवर एकोणिसाव्या शतकातला देखणा शिवाजी पूल आहे. त्याच्या शेजारचा नवा पूल शेजारच्या ब्रह्मपुरीच्या पुरातत्त्वीय टेकडीमुळे कायद्यात अडकून बरीच वर्षं रखडला. टेकडी संरक्षित, आणि जुना पूल तोवर रोजची रहदारी झेलत उभा. बोरघाटातला १८३० चा पूल तर एका बामच्या जाहिरातीवरून अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडला म्हणून, सुरुंग लावून पाडला गेला. अपघात होत होते हे खरं. तरी एकशेनव्वद वर्षं जुन्या वस्तूला निरोप द्यायला कुणीच नसावं, हे बोचलं.

त्यापेक्षा सांगलीकर बरे. १९२९ चा त्यांचा आयर्विन पूल त्यांनी घड्याळासारखा वापरात ठेवलाय. पावसाळ्यात सांगलीत कुणी ‘किती?’ असं विचारलं की उत्तर फुटांत येतं आणि ते आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचं असतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं, तो आकडा तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पूल जपायचा तो असा, सगळ्या गावाच्या तोंडी ठेवून.

नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात तीस महाकाय रेडिओ दुर्बिणी आहेत. एकेक तबकडी पंचेचाळीस मीटरांची, आणि वाऱ्याला वाट मिळावी म्हणून बारीक तारांच्या जाळीची. वजन जितकं कमी करता येईल तितकं कमी. मी उभा होतो त्या कमानीचं तंत्र बरोबर उलटं, वजन हेच बळ. एकाच शिवारात ही दोन टोकं आहेत. दुर्बिणी पाहायला सहली येतात. पुलाखाली कोण येणार?

वर ट्रॉली सुटली असावी. चाकांचा गडगडाट आधी पायाखाली आला, मग कानात. कमानीतून चिमूटभर धूळ पडली. भिंगऱ्या भर्रकन बाहेर पडल्या, ओढ्यावर एक वळसा घेऊन पुन्हा आत शिरल्या.

“चला, ऊन आलं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी धुतलेल्या गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, वस्ती पलीकडच्या काठावर होती. मला वाटलं, वर चढून पुलावरून जातील. त्यांनी एका हातानं लुगड्याचा ओचा खोचला, कुठल्या खडकानंतर कुठला हे न बघताच पाय टाकत ओढ्यात शिरल्या, आणि पोटऱ्यांइतक्या पाण्यातून पलीकडे गेल्या.

“पुलावरनं लांब पडतं,” मागं न बघता त्या म्हणाल्या.